सावळीचं रान

भावाचं रान मी निवडून दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी स्वतःला कितीही सावरून घेतलं तरी वाचणाऱ्यानं भुलू नये. त्याच्याकडं दुसरं रान नव्हतं, दुसरा धंदा नव्हता, आणि माझ्या एका ‘घे’वर त्यानं होतं नव्हतं ते सगळं त्या चार एकरांत घातलं.

माती बघणं हे माझं काम. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मी कित्येक वर्षं मातीचं सर्वेक्षण करते आहे, कंत्राटावर. लोकांना वाटतं, माती ती माती, तिच्यात बघायचं काय? बघायचं लई असतं. नकाशावर जागा ठरवायची, दोन गडी लावून माणूसभर खोल खड्डा घ्यायचा आणि आत उतरायचं. सुरीनं भिंत कोरली की एकाखाली एक थर दिसायला लागतात. प्रत्येक थराची जाडी मोजायची, ओल्या ढेकळाचा रंग पुस्तकातल्या रंगांच्या चौकटींशी ताडून बघायचा. चिमूटभर माती भिजवून बोटांत मळायची आणि तिची वळी करायची. लगेच तुटली तर रेताड, लांब लोंबत गेली तर चिकण. मग आम्लाचे दोन थेंब टाकायचे, फसफसलं की चुना आहे. एवढं सगळं झाल्यावर कागद भरायचा, आणि शेवटी जमिनीला वर्ग द्यायचा. पहिल्या वर्गाची जमीन म्हणजे पाहिजे ते पेरा, आठव्या वर्गाची म्हणजे नुसता दगड.

एकाच ओढ्याच्या कडेनं माळावरून खाली चालत आलं तरी माती चारदा बदलते. माळावर वीतभर मुरमाड, उतारावर गुडघाभर मध्यम, सपाटीला कमरेइतकी काळी आणि ओढ्याकाठी माणूस बुडेल एवढी खोल भारी जमीन. जळकोटला हे जसं दिसतं तसंच उदगीरला दिसतं. पण देगलूरकडं सरकलं की खालचा दगडच बदलतो, आणि तांबडी, रवाळ माती लागते. तिला तिकडची माणसं चलका म्हणतात, तो शब्द तेलंगणातून आलाय. हिमायतनगरला एका म्हाताऱ्यानं मला त्याच्या बांधावर अडवून विचारलं होतं, ‘मॅडम, तुमी कागदावर काय लिवलाव ते लिवा, पन हे रान चिबड हाय एवढं तरी लिवलाव का?’ चिबड म्हणजे पाणी धरून बसणारं. मी लिहिलं होतं. मी नेहमी लिहिते, आणि त्याचा मला माज होता, तेही सांगून टाकते.

आमच्या कागदाच्या तळाला एक रकाना असतो: ‘स्थानिक नाव’. माझ्याबरोबरचे लोक तो कोराच सोडतात. कोण त्या शेतकऱ्याला विचारत बसणार, आणि विचारून फायदा काय, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र तो कधीच कोरा सोडला नाही. माझ्या खिशातल्या वहीतसुद्धा प्रत्येक खड्ड्यापुढं रानाचं नाव असायचं. कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायची की पुस्तकातला वर्ग चुकेल, पण माणसानं दिलेलं नाव चुकत नाही. किती शहाणी होते मी.

आमचं मूळ रान जळकोटच्या बाजूला. मध्यम काळी माती, खाली पिवळट मुरूम, निचरा झकास. वडील गेल्यावर भाऊ ते कसत होता. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मला आक्का म्हणणारा, चिडला की जास्तच आक्का आक्का करणारा. मी बाहेर पडले, शिकले, नांदेडला भाड्यानं राहते. आई त्याच्याकडं असायची. मग साठवण तलावाची आखणी आली आणि आमचं अख्खं रान त्या रेघेच्या आत गेलं. मावेजा, म्हणजे जमिनीची भरपाई, मिळाला. पै-पाहुण्यांनी भावाला सांगितलं, पैसा बँकेत ठेव, व्याजावर बसून खा. तो मला फोनवर म्हणाला, ‘आक्का, पासबुक नांगरू का म्या? मला रानच पायजे. आन् ते तू बगून दे. तुझ्याइतकं मातीतलं कोन सांगनार?’

पाणी सोडायच्या आधी तो जुन्या रानात जाऊन एक ढेकूळ घेऊन आला. आईनं ते फडक्यात बांधून देवघरात, वडिलांच्या गळ्यातलं लिंग ज्या चांदीच्या करडीत होतं तिच्याजवळ ठेवलं. मी तेव्हा त्याला हसले होते.

उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ चार एकर विकायला आहेत असं कळलं. मे महिना होता. मी नांदेडहून आले, भाडोत्री जीप केली. आई पदर खोचून दारात उभी. ‘मलाबी बगू दे की,’ म्हणाली. ‘म्या येते.’

तिचे गुडघे गेलेले, बाहेर ऊन मरणाचं. मी म्हणाले, ‘अव्वा, तू कशाला हाल करून घेतीस? आम्ही बघून येतो. तुला काय कळणार आहे त्यातलं?’ ते शेवटचं वाक्यही मी बोलले. ते तिनं ऐकलं आणि ती आत गेली.

इथं आईचं थोडं सांगायला पाहिजे. तिचं माहेर हद्दीपलीकडचं, कन्नड मुलखातलं. लग्न होऊन जळकोटला आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. जावा तिच्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या. मग तिनं कन्नड गिळून टाकलं ते कायमचं. आम्हाला तिनं शिकवलं नाही, आम्हीही मागितलं नाही. ‘ऊट’ म्हणजे जेवण, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘बा’ म्हणजे ये, एवढ्यावर आमचं आजोळ संपलं. तिला आम्ही अव्वा म्हणायचो, तोच काय तो तिच्या भाषेचा आमच्या घरातला शेवटचा शब्द.

रान बघून माझे डोळे निवले. नांगरून पडलेलं, डोक्याएवढी काळीभोर ढेकळं, सपाटी अशी की पाणी सारखं बसेल. मालक म्हातारा होता, पोरं पुण्याला. तो फार बोलला नाही. त्याला मी कधीच दोष दिला नाही, कारण त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही. मी विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं, आणि मी विचारलं थोडंच.

खड्डा घ्यायचा तर रानाच्या मधोमध घ्यायचा, आणि एकाच खड्ड्यावर विसंबायचं नाही, हे मी नव्या पोरांना शिकवते. नाही ऐकलं तर झापते. त्या दिवशी मी वरच्या बांधाला, लिंबाच्या सावलीत खड्डा घेतला. सावली होती म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. एकच खड्डा. आत उतरले तर वरची हातभर माती अशी भुसभुशीत, दाणेदार, की मी मूठभर घेऊन भावाला दाखवली. नंतर कळलं की म्हाताऱ्यानं दोन वर्षांपूर्वी वरच्या पट्ट्यात तळ्यातला गाळ आणून टाकला होता. तो गाळ मी बघत होते. खाली घट्ट, राखाडी थर लागला, तो मला दिसला. दिसला आणि मी मनात म्हणाले, उन्हाळ्यात भारी जमीन अशी आवळतेच. खालच्या बांधाकडं जमिनीवर पांढरट पापुद्रा होता. आम्लाचे थेंब टाकले, फसफसलं. चुनखडी, म्हणाले, आपल्या भागात कुठं नसते? मातीचा नमुना पिशवीत भरला, प्रयोगशाळेत द्यायला. ती पिशवी जीपच्या सीटखाली राहिली आणि जीपबरोबर गेली. अहवालाची वाट बघायला वेळ नव्हता, त्या रानाला दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

बांधावर एक म्हातारी शेळ्या चारत होती. तोंडात दात नाहीत. मी सवयीनं वही काढली आणि विचारलं, ‘आजी, ह्या रानाला काय म्हणतात?’

ती अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलली. मला कळलं ते एवढंच: ‘सावळी.’ मग आणखी काहीतरी लांबलचक बोलली आणि हसली. मला अक्षर कळलं नाही. मीही हसले. न कळता हसायची ही खोड मला कामामुळं लागली आहे, गावागावांत माणसं खूश राहतात.

सावळी. किती गोड नाव! काळ्या मातीला याहून चांगलं नाव कुणी काय देणार? मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘स्थानिक नाव: सावळी’, आणि खाली रेघ मारली. भावानं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. ‘काय करावं आक्का?’

‘घे,’ मी म्हणाले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘रानाचं नाव काय?’ भाऊ म्हणाला, ‘सावळी.’ तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ‘नाव ब्येस हाय,’ ती म्हणाली आणि लिंगाला विभूती लावायला उठली. भावानं त्याच आठवड्यात व्यवहार केला, गावाकडचं घर मोडलं आणि रानाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन आई-बायकोसकट तिकडं गेला.

पाऊस पडला, त्यानं सोयाबीन पेरलं. आठव्या दिवशी फोन. ‘आक्का, उगवना. वरून पापुद्रा धरलाय. बोटानं फोडला की खाली कोंब वाकडा होऊन बसलेला हाय.’

मी म्हणाले, बियाणं खराब असेल. त्यानं पुन्हा पेरलं. दुसऱ्या खेपेला थोडं उगवलं आणि पिवळं पडलं. पाणी आठ-आठ दिवस वर उभं राहायचं आणि हातभर खाली माती कोरडी. तो सांगत होता आणि मी त्यालाच झापत होते. खोल पेरलंस, घाई केलीस, जुन्या रानाच्या हिशोबानं वागतोयस, भारी जमिनीची सवय नाही तुला. तो ऐकून घ्यायचा. ‘हाव आक्का, माजंच चुकलं आसंल,’ म्हणायचा. त्याचं ते ‘हाव’ अजून माझ्या कानात आहे. मला तेव्हाच कळायला लागलं होतं, पण मी मोठ्या आवाजात बोलत राहिले. हरभरा पेरला, तोही तसाच गेला. वरच्या गाळाच्या पट्ट्यात तेवढा तरारून आला, बाकी सगळं रान रिकामं.

मग एक दिवस तो एसटीनं नांदेडला आला, हातात पिशवी. पिशवीत दोन ढेकळं. एक नव्या रानाच्या मधलं, दुसरं देवघरातल्या फडक्यातलं थोडं फोडून आणलेलं, बुडालेल्या रानाचं. ‘बोलू नगंस,’ म्हणाला. ‘बगून सांग. सरकारी कामात बगतीस तसं बग.’

मी काचेचे दोन ग्लास घेतले, दोन्हींत स्वच्छ पाणी भरलं आणि एकेकात एक खडा सोडून खिडकीत ठेवले. ही परीक्षा इतकी साधी आहे की शाळेतल्या पोरानं करावी. मी ती मे महिन्यात करायला पाहिजे होती. जुन्या रानाचा खडा फुटला, खाली बसला, आणि दुपारपर्यंत वरचं पाणी नितळ झालं. दुसऱ्या ग्लासातला खडा धुरासारखा पसरत गेला. संध्याकाळी पाणी चहासारखं. दुसऱ्या दिवशीही तसंच. भाऊ पलंगाच्या कडेला बसून त्या ग्लासाकडं बघत होता, त्यानं दोन दिवस धड जेवण केलं नाही.

मराठीत आम्ही अशा जमिनीला चोपण म्हणतो. सोडियम मातीत चढलेला असतो, कण एकमेकांपासून सुटून बारीक भोकं बुजवतात, मग पाणी मुरत नाही, हवा जात नाही, मूळ जात नाही. वाळल्यावर दिसते अगदी सुंदर काळी. मी त्याला हे समजावून सांगितलं. नव्या पोरांना सांगते तसंच सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

‘दुरुस्त हुतं का?’

‘होतं. जिप्सम टाकायचं, चर काढायचे, ताग-धैंचा पेरून हिरवाच जमिनीत गाडायचा. गोड पाणी पाहिजे.’

‘बोअरचं पानी मचूळ हाय.’

मी दुसऱ्या ग्लासातलं गढूळ पाणी मोरीत ओतलं.

‘किती वर्सं?’

‘पाच. सात.’

‘तवर काय खाऊ?’ त्यानं हे अगदी सरळ विचारलं, भांडायला म्हणून नाही.

तरी त्यानं केलं. जिप्समची पोती टाकली, बांधाच्या कडेनं एकट्यानं कंबरभर चर खोदायला घेतला. सकाळी दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचा, दुपारून स्वतःच्या रानात चर. बायको सोयाबीन काढायला लोकांकडं. ज्या माणसाच्या रानात हंगामाला दहा बाया लागायच्या, त्याची बायको आता दुसऱ्याच्या रानात मजुरांच्या रांगेत उभी होती. मी पगारातलं पाठवायची, तो घ्यायचा, ‘आक्का, मिळालं’ म्हणायचा. मला वाटायचं, यानं एकदा तरी मला शिव्या घालाव्यात. मी रात्रंदिवस माती बघत हिंडत होते आणि लोक मला विचारत होते, मॅडम, इथं काय येईल? मी आणखी एक खड्डा घ्यायला लावायची.

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडं गेले. आई म्हणाली, ‘मला रान दाव.’ दीड वर्ष उलटलं होतं, तिनं अजून रान बघितलं नव्हतं. या खेपेला मी एका शब्दानं अडवलं नाही. तिला धरून, थांबत थांबत नेलं. खालच्या बांधाला पांढरं फुललेलं होतं. ती खाली बसली, ते पांढरं चिमटीत धरून तळहातावर चोळलं, जिभेला लावलं.

‘हे तर सवळू,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘सवळू मण्णु, खारी माती. आमच्या माहेरी वड्याकाठी आसायचं. आमी पोरी टोपल्या भरभरून आनायचो, कापडं धुवाया. साबनावानी मळ काढतंय. धोबी तर गाढवावर घालून न्यायचे.’ तिनं हात झटकले. ‘त्यात काय बी उगवत न्हाई, गवतबी न्हाई.’

मी वही काढली. ती वही मी टाकली नव्हती. ‘अव्वा, त्या शेळीवाल्या म्हातारीनं मला नाव सांगितलं, ते सावळी होतं.’

लिहिता-वाचता न येणारी माझी आई, तिला ते अक्षर वाचायची गरजच नव्हती. ‘सवळी मनली आसंल बया,’ ती म्हणाली. ‘हिकडं मराठीत तसंच मनत आसतील. सगळ्या गावाला ठाव आसंल.’ मग रानाकडं बघत, ‘म्या येते मनलं व्हतं.’

एका कान्याचा फरक. म्हातारीनं मला सगळं सांगितलं होतं. नावही सांगितलं आणि त्यानंतर जे लांबलचक बोलून हसली, तेही बहुतेक हेच असणार, की कापडं धुवायची माती विकत घेताय का बाई? माझ्या आयुष्यात ज्या एका रकान्याचा मला अभिमान होता, तोच मी चुकीचा भरला. आणि ज्या बाईला तो बरोबर भरता आला असता, तिला मी म्हणाले होते की तुला काय कळणार आहे. मी बांधावर बसून रडले. आईनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. भाऊ चरात खणत होता, त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खाली वाकला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आवाजात जीव होता, कित्येक महिन्यांनी. ‘आक्का, गिऱ्हाईक लागलंय. तलावात रान गेल्यालेच हायेत, आपल्याच शिवेवरचे. त्यांचा मावेजा आत्ता निगाला. मी त्यांना सांगितलं, माजी बहीन मातीची मॅडम हाय, तिनंच हे रान पसंत केल्यालं. तर तू येऊन उभी ऱ्हा. बोलू नगंस, फकस्त उभी ऱ्हा.’

मी गेले. का गेले हे मला अजून सांगता येत नाही. जायचं नाही असंही ठरवता आलं असतं, पण मग ते रान माझ्या नावावर खपलं असतं, मी नांदेडला खिडकीत बसून. भावाच्या घरात कढईला तेल नव्हतं. हे रान गेलं तर तो कुठंतरी दोन एकर हलकी का होईना धड जमीन घेईल, पुन्हा माणसांत येईल. जीपमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत मला याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

नवरा-बायको मोटारसायकलवर आले होते. माणूस बोलका, बाई गप्प. रान नांगरून ठेवलेलं, तीच काळीभोर ढेकळं. भावानं त्यांना वरच्या बांधाला, लिंबाच्या सावलीत नेलं आणि कुदळीनं हातभर खणून दाखवलं. भुसभुशीत गाळ. हे त्याला मीच शिकवलं होतं, नकळत. माणसानं मूठ भरून हुंगली, खूश झाला. बाईनं मात्र पदर सावरून खालच्या बांधाकडं बघितलं.

‘ते पांढरं काय हाय?’

‘चुनखडी,’ भाऊ म्हणाला. तेही माझंच वाक्य.

‘रानाला नाव काय?’ तिनं विचारलं. भावाला नाही, मला. ‘मॅडम, तुमीच पसंत केलाव म्हनं.’

‘सावळी,’ भाऊ मध्येच म्हणाला आणि माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी त्याला विहिरीत पोहायला शिकवताना हात सोडायच्या आधी तो जसा बघायचा, तसाच बघत होता.

‘सावळी,’ बाईनं म्हणून बघितलं. तिच्या तोंडावर अगदी तेच आलं जे माझ्या आईच्या तोंडावर आलं होतं. ‘नाव ब्येस हाय.’

ते तिनं म्हटलं नसतं तर मी गप्प बसले असते. खरंच बसले असते. स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिलेली नाही.

‘सावळी नाही,’ मी म्हणाले. ‘सवळी. कन्नड शब्द आहे. कापडं धुवायची माती. इथं उगवत नाही. वर दिसतोय तो तळ्यातला गाळ आहे. मी चुकीचं पसंत केलं होतं.’

माणसानं हातातली माती खाली सोडली आणि तळवे एकमेकांवर झटकले. बाई माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या दंडाला हात लावला. मोटारसायकल चालू होऊन फुफाट्यात दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.

‘त्या बाईला बरं सांगता आलं,’ भाऊ म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘मला सांगायच्या वक्ताला कुटं गेल्ती ही जीभ?’

मग तो खालच्या बांधाला गेला, चरात उतरला आणि खणायला लागला. चर अजून निम्मासुद्धा झाला नव्हता. ऊन डोक्यावर होतं. त्याच्या पाठीचा सदरा घामानं चिकटला होता आणि कुदळ त्या राखाडी थरावर आपटून उसळत होती, वर येणारं ढेकूळ तव्यासारखं गुळगुळीत. मी मागून गेले. चराच्या काठावर फावडं पडलं होतं. मी चप्पल काढली, पदर खोचला, आणि फावडं उचलून आत उतरायला एक पाय टाकला.

त्यानं मान वर केली नाही. हात पुढं करून माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि आपल्या पलीकडं ठेवलं.

‘ऱ्हाऊ द्या, मॅडम,’ तो म्हणाला.